इतिहास मंडळातल्या काकांना सत्कार नको, हाताखाली माणूस द्या

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या गावात जा, असा एक माणूस सापडतोच. शाळेतून रिटायर झालेले सर, नाहीतर पोस्टात, एसटीत, बँकेत आयुष्य काढलेले एखादे काका, आणि गेली तीस-चाळीस वर्षं गावातलं इतिहास मंडळ म्हणा, जुनं वाचनालय म्हणा, दोन खोल्यांचं वस्तुसंग्रहालय म्हणा, त्यांच्याच जिवावर चाललेलं. कुलूप तेच उघडतात, कपाटं तेच पुसतात, वीजबिल थकलं की पेन्शनमधून भरतात, धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचा हिशोब तेच लिहितात, शाळेची सहल आली की गडावर पोरांच्या पुढे तेच चालतात. मग पंच्याहत्तरी येते, हॉल बुक होतो, शाल, श्रीफळ, मानपत्र, भाषणं, अशी माणसं आता होणे नाही हे वाक्य दोन-तीन वक्ते तरी म्हणतातच, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडायला परत तेच काका.

माझं म्हणणं सरळ आहे. एखाद्याने आयुष्यभर फुकट काम केलं हे त्याचं मोठेपण, पण ते काम शेवटपर्यंत त्याच्या एकट्याच्याच गळ्यात राहिलं यात दोष आपला आहे, गावाचा आहे, संस्थेच्या कार्यकारिणीचा आहे आणि सरकारचाही आहे. त्या माणसाला हाताखाली एक तरुण माणूस हवाय, आणि त्या तरुणाला पोटापुरता पगार हवाय. एवढं जर आपण करणार नसू तर वारसा, जतन, परंपरा हे शब्द स्टेजवर वापरायचा आपल्याला हक्क नाही असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे इतिहासाचं काम मुळात उभं राहिलं तेच अशा लोकांवर. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, पुढे एकूण २२ खंड झाले, आणि त्यासाठी हा माणूस गावोगाव हिंडला, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात जुन्या कागदांची दप्तरं पडलीयत हे शोधलं, मालकांची मनधरणी केली, कागद उतरवून घेतले. ७ जुलै १९१० ला खंडेराव मेहेंदळ्यांबरोबर त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. तिकडे मिरजेत वासुदेवशास्त्री खरे हायस्कुलात संस्कृत शिकवायचे आणि शाळा सुटली की पटवर्धन सरदारांच्या दप्तरातले कागद वाचत बसायचे, ते छापायचे, वर्षानुवर्षं. साताऱ्यात पारसनीसांनी कागद आणि चित्रं जमवली. गो. स. सरदेसाई बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत होते आणि रियासतीचे, म्हणजे आपल्या मोठ्या इतिहासग्रंथाचे, खंड ते नोकरी सांभाळून लिहीत होते.

आता हे सगळं लोकांनी घरच्या भाकऱ्या खाऊन का केलं याचं कारण विसरून चालणार नाही. सरकार परकं होतं. पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, पुण्यातच होतं, सरकारच्या ताब्यात होतं, पण इंग्रज सरकार ते इथल्या अभ्यासकांना सहजासहजी बघू देत नव्हतं. सरदेसायांच्या संपादनाखाली त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापले गेले ते थेट १९३० पासून पुढे, म्हणजे राजवाडे जाऊनसुद्धा काही वर्षं झाली होती. जे राज्य आपला इतिहास आपल्याला दाखवायला तयार नाही त्याच्याकडे मागायचं तरी काय, म्हणून लोकांनी स्वतः केलं, आणि त्या काळात ते बरोबरच होतं. पण पुढे राज्य आपलं झालं, १९६० ला महाराष्ट्र झाला, महाराजांच्या नावाने सरकारं आली आणि गेली, आणि गावपातळीवरची व्यवस्था मात्र तीच राहिली, इंग्रजांच्या काळातलीच, की ज्याला आवड आहे त्याने आपल्या खिशातून करावं. परक्या सरकारच्या काळातली नाइलाजाची सोय आपण आपली परंपरा म्हणून मिरवतोय, आणि मला खरा आक्षेप आहे तो यालाच.

कोणी म्हणेल की त्या निष्ठेमुळेच तर एवढं काम झालं. झालं, मान्य. पण जे झालं ते आपल्याला दिसतं, जे राहून गेलं ते दिसत नाही. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांचं उदाहरण घ्या. भारत इतिहास संशोधक मंडळासाठी आणि इतर कितीतरी संस्थांसाठी या माणसाने आयुष्य वेचलं, १९३९ साली अहमदनगरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि स्मरणशक्ती अशी की लोक चालताबोलता ज्ञानकोश म्हणायचे. पण त्यांच्याकडून अख्खा महाराष्ट्र ज्या शिवचरित्राची वाट बघत होता ते काही शेवटपर्यंत हाती आलं नाही. १९७९ ला ते गेले आणि त्यांच्याबरोबर किती काय गेलं याचा हिशोब कुणालाच लावता येणार नाही. मी हे त्यांना दोष द्यायला सांगत नाहीये. जो माणूस दिवसभर सभा, संस्था, भेटायला येणारी माणसं यातच असतो त्याच्या शेजारी रोज वही घेऊन बसणारा एक माणूस आपण ठेवायला हवा होता.

आणि याच मंडळात ग. ह. खरे होते. आयुष्याची पन्नासेक वर्षं त्यांनी मंडळात काढली, फारसी शिकले, मूर्ती, ताम्रपट, शिलालेख, नाणी, मोडी सगळ्यात हात घातला, आणि एवढं करून त्यांनी 'संशोधकाचा मित्र' नावाचं पुस्तक लिहिलं, नव्याने या कामात पडणाऱ्याला कागद कसा वाचायचा, तारीख कशी लावायची, साधनं कशी पारखायची हे कळावं म्हणून. मला खऱ्यांच्या सगळ्या कामात हे सगळ्यात थोर वाटतं, खरं सांगतो. स्वतःचे शोध सगळेच लिहितात, पण आपण ते कसे केले हे बसून लिहिणं, आणि तेही अनोळखी पोरांसाठी, हे फार कमी लोक करतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये इतिहास संशोधक गजानन मेहेंदळे गेले. शिवचरित्राच्या मूळ साधनांवर त्यांच्याएवढं काम केलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी, मंडळातलं त्यांचं बसणं, वाचणं, फारसी-मोडीवरची पकड याबद्दल तेव्हा भरभरून लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. पण तेव्हासुद्धा मला हाच प्रश्न छळत होता, की आता त्यांच्या तोडीचं वाचणारी पंचविशीतली पोरं किती आहेत आणि ती महिन्याचा खर्च कशी भागवतायत.

हे ज्ञान नेमकं काय असतं ते जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. आमच्या भागातले एक काका आहेत, त्यांच्याकडे रुमाल सोडताना मी बसलोय. रुमाल म्हणजे चौकोनी कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, वर गाठ, आत लांबट पट्ट्यांसारखे घडी घातलेले कागद, मधे कधीतरी कोणीतरी टाकलेली वेखंडाची कांडी. काका आधी गाठ सोडत नाहीत, आधी गाठ बघतात, कारण कोणी मधल्या काळात उघडला असेल तर गाठ वेगळी पडते. मग एक कागद अलगद उलगडतात, उजेडाकडे धरतात, कागद जुन्नरी म्हणजे हातकागद आहे का गिरणीचा ते बघतात, आणि पहिली ओळ न वाचता थेट शेवटी जातात, तारीख शोधतात. तिथे लिहिलेलं असतं इहिदे सितैन मया व अलफ. मला ते नुसते मंत्रासारखे शब्द वाटले. काका म्हणाले, अरे हे अरबी आकडे, एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन, जुन्या मराठी कागदांतली कालगणना, ११६१, त्यात इसवी सनासाठी ५९९ मिळव, मृगापासून म्हणजे जूनपासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर, आणि जानेवारीच्या पुढचा असेल तर ६००. मी हिशोब करेपर्यंत तेच म्हणाले, पानिपतचं साल. आणि कागद काय होता तर गावातल्या दोन घरांमधल्या बांधाच्या भांडणाचा. तिकडे उत्तरेत एवढी मोठी लढाई उभी राहिलीय आणि इकडे गावात पाटलाच्या पुढ्यात दोन घरं बांधावरून भांडतायत, हे एका कागदात दिसलं.

तारखेचा हिशोब पुस्तकात मिळेल, आजकाल मोबाइलवरही मिळेल. पण पुढे काका म्हणाले की हे अक्षर कुलकर्ण्यांच्या धाकट्या पातीचं, थोरल्या पातीतले लोक र असा काढत नाहीत, आणि हा रुमाल अमुक वाड्यातून आला, त्या वाड्याचा दुसरा रुमाल त्यांच्या मुलीच्या सासरी गेलाय, तो अजून कोणी बघितलेला नाही. हे कुठल्या पुस्तकात आहे? कुठेच नाही. लोक म्हणतात सगळं स्कॅन करून टाका म्हणजे झालं. स्कॅन करायलाच पाहिजे, वाद नाही, पण स्कॅनमध्ये कागद येतो, तो कुणाच्या घरातून आला, शेजारी कुठला कागद होता, त्यातला बाळाजी म्हणजे गावातल्या तीन बाळाजींपैकी कुठला, हे येत नाही. त्याच्यासाठी काकांच्या शेजारी बसून वर्ष-दोन वर्षं टाचणं, म्हणजे एकेका कागदाच्या छोट्या नोंदी, काढणारा माणूस लागतो, आणि तो माणूस रविवारी सकाळी हौस म्हणून येणारा असून चालत नाही, रोज येणारा लागतो.

आणि याची गरज फक्त इतिहासवेड्यांना आहे असं समजू नका. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात जुनी रजिस्टरं बाहेर निघाली आणि एकदम लक्षात आलं की ती मोडीत आहेत, काही उर्दूत, फारसीत आहेत आणि वाचायला माणसं पुरत नाहीत. आरक्षणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, तो वेगळा विषय, पण लाखो लोकांच्या हक्काचा प्रश्न शेवटी मूठभर मोडी वाचकांपाशी येऊन थांबला हे सगळ्यांनी बघितलं. त्यातले बरेच मोडी वाचायला शिकले कुठे? अशाच मंडळांमधल्या, अशाच काकांनी नाममात्र फी घेऊन नाहीतर तीही न घेता चालवलेल्या वर्गांत. शाळेतून मोडी साधारण १९५० च्या सुमारास गेली, त्यानंतरची सत्तर वर्षं ती जिवंत ठेवली ती प्रामुख्याने या लोकांनी. सरकारला गरज पडली तेव्हा ते तयार मिळाले. पुढच्या वेळी मिळतील का, याची खात्री मला तरी वाटत नाही.

आता यावरचे आक्षेप. पहिला म्हणजे पैसा आला की निष्ठा जाते. हे मला पटत नाही, कारण निष्ठेची परीक्षा फक्त इतिहासवाल्यांनीच उपाशीपोटी का द्यायची? डॉक्टर पगार घेऊन निष्ठेने काम करतातच की, शिक्षक करतात. उलट बिनपगारी कामाचा एक मोठा तोटा आहे ज्याबद्दल कोणी बोलत नाही, तो म्हणजे ज्याच्या घरी बरं आहे तोच हे काम करू शकतो. शेतमजुराच्या हुशार पोरीला मोडीची कितीही गोडी लागली तरी ती दोन वर्षं फुकट टाचणं काढत बसू शकणार नाही. म्हणजे इतिहास कोण वाचणार आणि कुठल्या घरातले कागद आधी वाचले जाणार हे सुद्धा ठराविक लोकांपुरतंच राहणार. बलुतेदारांचे कागद, देवळाच्या पुजाऱ्यांमधले वाद, महारवतनाचे कागद, बायकांनी दिलेले अर्ज हे सगळं गठ्ठ्यांमध्ये पडलेलं आहे. वेगवेगळ्या घरातली पोरं वाचायला बसली तर वेगवेगळे प्रश्न विचारतील आणि इतिहास भरेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, सरकारी पैसा आला की सरकारी इतिहास येईल. ही भीती खरी आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. म्हणूनच माझं म्हणणं आहे की पैसा अर्थ लावायला देऊ नका, कागद वाचायला, यादी करायला, जपायला द्या. रुमालाची यादी कुठल्याच पक्षाची नसते. शिवाय पैसा सरकारकडूनच यायला पाहिजे असंही नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी द्यायचा, पैसा कशावर खर्च करता येतो त्याच्या यादीत राष्ट्रीय वारसा, कला, संस्कृती यांचं जतन आणि सार्वजनिक वाचनालयं हे सरळ लिहिलेलं आहे. एमआयडीसीतल्या कंपन्या तो पैसा शाळेच्या बाकांवर, आरओ प्लांटवर देतात, चांगलंच आहे, पण तालुक्यातल्या एका संग्रहासाठी एका अभिलेखपालाचा, म्हणजे जुने कागद सांभाळणाऱ्याचा, पगार मागायला मंडळातलं कोणी त्यांच्याकडे जातच नाही, कारण अर्ज, प्रपोजल, ऑडिट हे सगळं करायला परत तेच एकटे काका.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आनंद झालाच, का नाही होणार. आता तिथे रस्ते होतील, पार्किंग होईल, तिकीटघर होईल. पण त्या किल्ल्यांच्या घेऱ्यातल्या गावांमध्ये किल्लेदारांचे, हवालदारांचे, सबनिसांचे वंशज आहेत, त्यांच्या घरात कागद असू शकतात, आणि ते शोधणारा पायपीट करणारा माणूस अजूनही आपल्या स्कूटरमध्ये आपलं पेट्रोल घालून फिरतोय. दगडाला निधी मिळतो कारण दगडासमोर फोटो काढता येतो, कागदासमोर कोण उभं राहणार.

काकांबद्दलही बोलायला हवं, नुसती भक्ती उपयोगाची नाही. बऱ्याच संग्रहांचा प्रॉब्लेम बाहेर नसून आतच असतो. आयुष्यभर एकट्याने सांभाळलं की माणसाला ते आपलं वाटायला लागतं, मग दुसऱ्याला कागद दाखवायचा नाही, आधी मी छापीन मग बघा, यादी करायची नाही कारण यादी झाली की सगळ्यांना कळेल. असे संग्रह मी बघितलेत जिथे तरुण अभ्यासक तीन चकरा मारून कंटाळून गेला आणि परत आला नाही. त्या माणसाने खाल्लेल्या खस्ता बघता त्याला हे तोंडावर सांगणं अवघड जातं, पण सांगायला हवं. सेवा करणाऱ्याने आपल्यानंतर काय हे लिहून ठेवणं हा सेवेचाच भाग आहे. कुठल्या वस्तू संस्थेच्या, कुठल्या घरच्या, कुठले कागद फक्त वाचायला आणले होते आणि परत द्यायचे राहिले, हे जर लिहिलेलं नसेल तर मुलगा पुण्या-मुंबईला, सून परदेशात, घर बिल्डरला, आणि गठ्ठे रद्दीत. हे होतंय, आत्ता होतंय.

आणि शाळा. काका शाळेत जायला तयार असतात, शाळेकडे तास नसतो. गंमत म्हणजे पुस्तक चांगलं आहे! दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात इतिहासलेखनाची भारतीय परंपरा आहे, त्यात राजवाडे आहेत, उपयोजित इतिहास आहे, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन असा अख्खा धडा आहे. ज्याने हे पुस्तक केलं त्याला माझा नमस्कार. पण पेपर इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० मार्कांचा, त्यामुळे पोरं जतनाचा धडा सुद्धा पाठ करतात, योग्य पर्याय निवडा, संकल्पना स्पष्ट करा, टीपा लिहा, आणि त्याच गावातल्या संग्रहाचं दार त्यांनी कधी बघितलेलं नसतं. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्यामागे सर्व्हे, निवडणूक, ऑनलाइन माहिती भरणं यांचा ससेमिरा असतो.

इथे फार मोठं धोरण लागत नाही. नववीच्या पोरांनी वर्षात एकदा, गावातल्या मंडळात जाऊन एका कागदाचं, एका वीरगळाचं म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेचं, एका जुन्या विहिरीवरच्या शिलालेखाचं टाचण काढायचं. हे कुठे सापडलं, कोणी सांगितलं, माप काय, वाचता काय आलं, काय आलं नाही. त्याला अंतर्गत मार्क द्यायचे. यातून सगळी पोरं इतिहासकार होणार नाहीत, व्हायची गरजही नाही. पण ज्या पोराने एकदा स्वतः टाचण काढलंय तो उद्या फोनवर आलेला, खाली कसलाच आधार नसलेला इतिहासाचा मेसेज पुढे ढकलण्याआधी थांबेल, विचारेल की हे कुठल्या कागदात आहे. जुन्या मंडळांची शिस्त हीच होती, मूळ कागद पुढे ठेवा आणि मग बोला, निबंध सभेत वाचा, चार लोकांसमोर उलटतपासणी होऊ द्या. आज इतिहासावरून रस्त्यावर भांडणारे हजारो आहेत, आणि ही शिस्त पोरांना शिकवू शकणारी माणसं सत्तरीच्या पुढे गेलीत.

राजवाड्यांचं पुण्यातल्या लोकांशी पटलं नाही, ते धुळ्याला गेले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच वारले. बायको तरुणपणीच गेलेली, मागे घरदार नाही, नुसते कागद. धुळ्यातल्या लोकांनी ते कागद रद्दीत जाऊ दिले नाहीत, राजवाडे संशोधन मंडळ काढलं, संग्रह सांभाळला, आणि त्यांचा अपुरा राहिलेला धातुकोश, म्हणजे क्रियापदांच्या मूळ रूपांचा कोश, त्यांच्या पश्चात छापून काढला. स्वभावाने तिखट, कुणाशी न जमणाऱ्या माणसाच्या बाबतीत एका गावाने हे करून दाखवलं. आपल्या गावातले काका तर बिचारे स्वभावाने गोड असतात, हाक मारली की येतात. त्यांच्या शेजारची खुर्ची येत्या जूनपासून भरायची असेल तर मंडळाच्या पुढच्याच मीटिंगमध्ये एक ठराव हवा, एका माणसाच्या दोन वर्षांच्या पगाराचा, आणि गावातल्या पाच-दहा जणांनी तिथल्या तिथे आकडे लिहून द्यायला हवेत.